नोंदीत नवं, प्रॉडक्शनमध्ये जुनं : अझूर स्टोरेजच्या बारा तासांचं प्रकरण

२२ फेब्रुवारी २०१३, शुक्रवार. जीएमटीनुसार रात्री ८ वाजून २९ मिनिटं ५३ सेकंदांनी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज अझूर या क्लाउड सेवेतल्या ब्लॉब स्टोरेजचं (फाइली साठवणाऱ्या सेवेचं) एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारं मुदतीचं डिजिटल प्रमाणपत्र, संपलं. ८:३१:२२ ला क्यू सेवेचं संपलं आणि ८:३२:५२ ला टेबल सेवेचं. तिन्ही सर्टिफिकेटं तीन मिनिटांच्या आत गेली. त्या क्षणापासून एकूण एक अझूर रीजनमध्ये (डेटा केंद्रांच्या प्रदेशात) एचटीटीपीएस या सुरक्षित मार्गावरून स्टोरेजला हाक मारणारे क्लायंट सर्टिफिकेटची तारीख बघून जोडणी तोडायला लागले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारचे साडेबारा वाजत होते, आपल्याकडे शनिवारी पहाटेचे दोन. पुणे, मुंबई आणि चेन्नई इथली अझूरची केंद्रं सुरू व्हायला अजून अडीच वर्षं होती, त्यामुळे इथल्या कंपन्यांचा डेटा परदेशातल्या रीजनमध्येच असायचा. पण त्याने फरक पडला नसता, कारण वाचलेलं असं एकही रीजन नव्हतं. सेवा सगळीकडे पूर्ववत झाली ती पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्रीनंतर १२ वाजून ९ मिनिटांनी, म्हणजे ११ तास ४० मिनिटांनी.

मुदत संपून सेवा पडली की सगळ्यांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, “कोणीतरी रिन्यू करायला विसरलं.” इथे कोणीही विसरलं नव्हतं. नवीन सर्टिफिकेटं ४६ दिवस आधीच तयार होती. सर्व्हिस अकाउंटचे (माणसाऐवजी प्रोग्रॅम वापरतात त्या खात्यांचे) पासवर्ड, क्लायंट सीक्रेट, की, टोकन यांच्या मुदतींचा विषय निघाला की मी याच प्रकरणाकडे वळतो, ते त्यासाठीच. विसरण्यावरचा उपाय सोपा असतो, आठवण लावली की झालं. आठवण लावलेली होती, ती वेळेवर आली, तिच्यावर कामही झालं आणि तरीही सेवा पडली, असं का झालं हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं आहे. मायक्रोसॉफ्टने नंतर या घटनेचा सविस्तर आणि प्रांजळ अहवाल प्रसिद्ध केला, म्हणून ते समजून घेता येतं.

सीक्रेट स्टोअर काय करत होतं

अझूरमध्ये सीक्रेट स्टोअर नावाची एक अंतर्गत सेवा होती. सर्टिफिकेटं साठवणं, वाटणं आणि बदलणं हे तिचं काम, आणि माणसांचा हात थेट सर्टिफिकेटला लागू नये हा हेतू. आठवड्यातून एकदा ती आपल्याकडची सगळी सर्टिफिकेटं तपासायची. मुदत संपायला १८० दिवस उरले की ज्या टीमचं सर्टिफिकेट असेल तिला सूचना जायला सुरुवात व्हायची. मग टीमने नवीन सर्टिफिकेट काढायचं, ते सेवेच्या पुढच्या बिल्डमध्ये (सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत) घालायचं आणि सीक्रेट स्टोअरच्या डेटाबेसमधली नोंद बदलायची. महिन्याला शेकडो वेळा हा क्रम बिनबोभाट पार पडत होता. आज कित्येक कंपन्यांत एक्सेल शीटवर जो कारभार चालतो, त्याच्या कितीतरी पुढची ही व्यवस्था होती.

स्टोरेज टीमला सूचना मिळाली. ७ जानेवारी २०१३ रोजी टीमने तिन्ही सर्टिफिकेटं सीक्रेट स्टोअरमध्ये बदलली आणि सेवेच्या पुढच्या एका रिलीजमध्ये घातली. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे झालं. एक गोष्ट राहिली. ‘या रिलीजमध्ये सर्टिफिकेटचा बदल आहे’ अशी खूण त्या रिलीजवर केली गेली नाही. खूण नसल्यामुळे डिप्लॉयमेंटच्या रांगेत ती एक साधी रिलीज ठरली. जास्त प्राधान्याचे बदल तिच्या पुढे गेले, ती मागे मागे सरकत राहिली आणि २२ फेब्रुवारी उजाडला तेव्हाही प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सर्व्हरवर, गेलेली नव्हती.

अलर्ट का गप्प बसला

खूण करायची राहणं ही माणसाकडून होणारी चूक आहे. ती कुठेही होईल, आणि तिच्यावर प्रकरण संपवणं मला पटत नाही. खरा प्रश्न असा की पुढचे ४६ दिवस, म्हणजे आठवड्याच्या तपासणीच्या सहा फेऱ्या, सीक्रेट स्टोअर काहीच का बोललं नाही?

कारण त्याच्या लेखी प्रश्न सुटलेला होता. तपासणी व्हायची ती सीक्रेट स्टोअरमधल्या नोंदींची. नोंदीत ७ जानेवारीपासून नवीन तारीख होती. स्टोरेजच्या सर्व्हरवर प्रत्यक्षात कोणतं सर्टिफिकेट लागलेलं आहे, हे ते कधी बघतच नव्हतं. गॅसचा सिलिंडर बुक केला म्हणून शेगडी पेटत नाही. इथे बुकिंगचा मेसेज आला आणि त्याच मेसेजने आठवण बंद केली.

या रचनेतला धोका नीट बघायला हवा, कारण ती आपल्या आसपास सर्रास असते. आठवण सुरू होण्याची अट सगळेच विचारपूर्वक ठरवतात: १८० दिवस, ९० दिवस, ३० दिवस. ती बंद होण्याची अट मात्र कोणी ठरवत नाही. तिकीट ‘डन’ झालं की बंद, व्हॉल्टमध्ये (सीक्रेटं ठेवायच्या डिजिटल तिजोरीत) नवीन व्हर्जन आलं की बंद, कोणी ‘अ‍ॅक्नॉलेज’ दाबलं की बंद. काम अर्ध्यावर असतं आणि देखरेख पूर्ण उठलेली असते. काम सुरूच झालं नसतं तर निदान अलर्ट वाजत राहिला असता. म्हणजे अर्धवट केलेलं काम न केलेल्या कामापेक्षा जास्त धोक्याचं ठरलं.

तीन प्रती, सहा प्रती, आणि एकच तारीख

अझूर स्टोरेज प्रत्येक डेटाच्या एकाच रीजनमध्ये निदान तीन प्रती ठेवतं. जिओ-रिप्लिकेशन घेतलं असेल तर शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या रीजनमध्ये आणखी तीन. डिस्क जळाली, रॅक बंद पडला, अख्ख्या केंद्राची वीज गेली, तरी डेटा मिळावा म्हणून एवढा खटाटोप असतो. त्या दिवशी डेटा सगळाच्या सगळा सुखरूप होता, प्रतीही सगळ्या जागेवर होत्या. फक्त त्यांच्यापर्यंत सुरक्षित मार्गाने पोहोचता येत नव्हतं. हार्डवेअर एकेक करून बिघडतं, म्हणून प्रती वाढवून त्यावर मात करता येते. मुदत तशी संपत नाही. जिथे जिथे तेच सर्टिफिकेट लागलेलं आहे तिथे ती एकाच सेकंदाला संपते, आणि त्यापुढे रिडंडन्सीचा काही इलाज चालत नाही.

तारखेने अझूरला याआधीही एकदा तडाखा दिला होता. २९ फेब्रुवारी २०१२ ला, नवीन व्हर्च्युअल मशीनमधला एजंट एक वर्ष मुदतीचं सर्टिफिकेट बनवताना वर्षात फक्त एक मिळवायचा. त्यातून २९ फेब्रुवारी २०१३ ही अस्तित्वातच नसलेली तारीख तयार झाली आणि सर्टिफिकेट बनणंच थांबलं. कारण पूर्ण वेगळं, पण तेव्हाही चूक एका क्षणी, सगळीकडे जागी झाली होती.

निदान पंधरा मिनिटांत, दुरुस्ती मध्यरात्रीपर्यंत

पॅसिफिक वेळेनुसार दुपारी १२:२९ ला सेवा पडली, १२:४४ ला नेहमीच्या मॉनिटरिंगमधून ते लक्षात आलं आणि कारणही कळलं. सव्वा वाजेपर्यंत टीमने सर्वात जलद मार्ग शोधण्यासाठी एकाच वेळी अनेक दिशांनी काम सुरू केलं होतं. उरलेले जवळपास अकरा तास गेले ते नवीन सर्टिफिकेटं सुरक्षितपणे सगळीकडे पोहोचवण्यात. सर्टिफिकेट बिल्डचा भाग असलं की ही अडचण येतेच. एक छोटी फाइल बदलायची असली तरी रस्ता अख्ख्या रिलीजचा घ्यावा लागतो, नाहीतर आणीबाणीत नवा रस्ता बांधून तो आधी तपासावा लागतो. चालत्या स्टोरेजवर न तपासलेला बदल लोटला तर सुखरूप असलेला डेटाच पणाला लागतो, म्हणून त्या दिवशी दाखवलेली सावधगिरी मला योग्यच वाटते. पण तो रस्ता आधीपासून हवा होता. क्रेडेन्शियल (पासवर्ड, की, सर्टिफिकेट) बदलण्याचा मार्ग कोडच्या रिलीजपासून वेगळा, वारंवार वापरून मळलेला असायला हवा.

त्या बारा तासांत साध्या एचटीटीपीवरून येणाऱ्या विनंत्या नीट चालत होत्या. अशा वेळी दोन पळवाटा सुचतात: एचटीटीपीएस सोडून एचटीटीपीवर जायचं, किंवा क्लायंटमध्ये सर्टिफिकेटची तपासणीच बंद करायची. दोन्हींपासून दूर राहा. ‘सध्यापुरतं’ म्हणून कॉन्फिगमध्ये घातलेली ती एक ओळ सेवा परत आल्यावर काढली जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि ती राहिली की पुढे कोणीही मधे बसून सगळी वाहतूक वाचू शकतो.

मायक्रोसॉफ्टने फटका बसलेल्या ग्राहकांना त्या महिन्याच्या बिलात बाधित सेवांवर २५ टक्के क्रेडिट दिलं, तेही कोणी मागायच्या आधी. कार्यपद्धतीत जे बदल जाहीर केले त्यांतला सर्वात मोलाचा असा: यापुढे मुदतीची तपासणी फक्त सीक्रेट स्टोअरमध्ये नाही, तर प्रत्यक्ष प्रॉडक्शनच्या एंडपॉइंटवरही (क्लायंट जिथे जोडले जातात तिथेही) होईल. दुसरा, सर्टिफिकेटं सेवा, रीजन आणि वेळ यांनुसार विभागायची, म्हणजे एखादी मुदत नजरेतून सुटलीच तर सगळं जग एकदम बंद पडणार नाही. तरीही सात वर्षांनी, ३ फेब्रुवारी २०२० ला, त्याच कंपनीचं टीम्स हे चॅट आणि मीटिंगचं अ‍ॅप काही तास बंद पडलं. कारण होतं मुदत संपलेलं ऑथेंटिकेशन सर्टिफिकेट. एका टीमचा अनुभव दुसऱ्या टीमच्या सिस्टीमपर्यंत आपोआप पोहोचत नाही, एवढं तरी यावरून दिसतं.

सर्व्हिस अकाउंटचं दुखणं जास्त अवघड

वेबसाइटचं सर्टिफिकेट निदान बाहेरून दिसतं. कोणत्याही मशीनवरून त्या पोर्टला जोडणी करा, समोर आलेल्या सर्टिफिकेटची शेवटची तारीख वाचा, काम झालं. सर्व्हिस अकाउंटच्या सीक्रेटला असं दार नसतं. ते आतल्या आत एका सेवेकडून दुसरीकडे जातं: अ‍ॅप्लिकेशनकडून डेटाबेसकडे, रात्रीच्या जॉबकडून स्टोरेजकडे, बिल्ड सर्व्हरकडून क्लाउडकडे. आणि त्याची सत्यता तीन ठिकाणी राहते. एक, ज्या डिरेक्टरीने ते दिलं तिथली नोंद. दोन, व्हॉल्ट किंवा कॉन्फिग फाइल. तीन, चालू प्रोसेसच्या मेमरीत असलेली प्रत. पहिल्या दोन ठिकाणी बदल झाला तरी तिसऱ्या ठिकाणी जुनंच असू शकतं. अझूर स्टोरेजच्या प्रकरणात दोन ठिकाणांमधली तफावत दिसली नाही. इथे तिसरं ठिकाण तर प्रोसेसच्या पोटातच आहे.

कुबरनेटिसने (अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीने) हा पेच कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. पूर्वी तिथली सर्व्हिस अकाउंट टोकनं कधीच संपत नसत. १.२२ आवृत्तीपासून मुदतीची टोकनं ही नेहमीची पद्धत झाली. टोकनचं ८० टक्के आयुष्य उलटलं किंवा ते २४ तासांहून जुनं झालं की क्यूबलेट (प्रत्येक मशीनवरचा कुबरनेटिसचा एजंट) पॉडमधल्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटातल्या) फाइलमध्ये नवीन टोकन लिहून ठेवतो. पण अनेक जुन्या क्लायंट लायब्ररी ती फाइल सुरुवातीला एकदाच वाचायच्या आणि नंतर तिच्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. फाइलमध्ये ताजं टोकन, मेमरीत शिळं. टोकनची एका तासाची मुदत काटेकोर लावली असती तर असे सगळे पॉड तासाभरात पडले असते. म्हणून कुबरनेटिसच्या एपीआय सर्व्हरने (टोकन तपासणाऱ्या मुख्य सर्व्हरने) अशा टोकनला एक वर्षापर्यंत सवलत दिली, आणि सोबत शिळं टोकन वापरणाऱ्या विनंत्या मोजणारं मेट्रिक दिलं, ऑडिट लॉगमध्ये खूणही ठेवली. म्हणजे सवलत चालू असतानाच कळतं की कोणता पॉड उद्या पडणार आहे. हीच रीत मला सर्वात शहाणपणाची वाटते: प्रत्यक्ष वापरात काय आहे ते मोजा, आणि ते मोजायला पुरेसा काळ दोन्ही चालू ठेवा.

ओरॅकल डेटाबेसवर काम करणाऱ्यांना याचं दुसरं रूप माहीत असेल. ११जी पासून डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये पासवर्डचं आयुष्य १८० दिवसांचं असतं, त्यानंतर ७ दिवसांची सवलत. अ‍ॅप्लिकेशनच्या अकाउंटला वेगळं प्रोफाइल दिलं नसेल तर हाच नियम त्यालाही लागतो. आता गंमत नाही, अडचण बघा. सवलतीचे ७ दिवस मोजायला सुरुवात होते ती १८० दिवस उलटल्यानंतरच्या पहिल्या लॉगिनपासून. कनेक्शन पूल (डेटाबेसच्या जोडण्या तयार ठेवणारा साठा) जोडण्या दीर्घकाळ उघड्या ठेवत असेल तर नवीन लॉगिन होतच नाही. सेवा छान चालू राहते. मग कधीतरी पॅचिंगसाठी सर्व्हर रीस्टार्ट होतो, लॉगिन होतं, ओआरए-२८००२ ही इशारावजा ओळ लॉगमध्ये पडते आणि कोणी वाचत नाही. सात दिवसांनंतर पूलला नवीन जोडणी हवी झाली की ओआरए-२८००१, म्हणजे पासवर्ड संपल्याचा एरर. तोवर पॅचिंग होऊन आठवडा झालेला असतो, त्यामुळे संशय नेटवर्कवर, लिसनरवर, नुकत्याच गेलेल्या कोडवर जातो. यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे पासवर्डचं आयुष्य अमर्याद करून टाकणं. आउटेज थांबतो हे खरं, पण मग तोच पासवर्ड वर्षानुवर्षं किती स्क्रिप्टमध्ये, किती लोकांच्या लॅपटॉपवर पसरत जातो याचा हिशोब राहत नाही. त्यापेक्षा नव्या आवृत्त्यांमध्ये जुना आणि नवा पासवर्ड काही काळ एकत्र चालवण्याची जी सोय आली आहे, ती वापरावी.

दोन एकत्र चालणं हाच सगळ्या सुरक्षित रोटेशनचा (जुनं क्रेडेन्शियल काढून नवं लावण्याचा) पाया आहे. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडमध्ये एका आयएएम यूजरला (तिथल्या खात्याला) दोन अ‍ॅक्सेस की ठेवता येतात, मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा या ओळख-व्यवस्थापन सेवेमध्ये एका अ‍ॅपला अनेक क्लायंट सीक्रेट. नवीन तयार करा, पसरवा, आणि मग थांबा. एडब्ल्यूएस प्रत्येक की शेवटची कधी वापरली ते दाखवतं, एन्ट्राच्या साइन-इन लॉगमध्ये कोणत्या क्रेडेन्शियलने प्रवेश झाला त्याचा आयडी असतो. जुन्या कीचा वापर शून्यावर येईपर्यंत अलर्ट बंद होता कामा नये. आणि वापर थांबला तरी महिन्याअखेरीला किंवा तिमाहीला एकदाच धावणारे जॉब असतात, त्यांचं एक चक्र पूर्ण होऊ द्या. मग की आधी इनॅक्टिव्ह करा, कारण तिथून परत येता येतं. डिलीट नंतर.

मालकीचा मुद्दा थोडक्यात: एन्ट्रा पोर्टलवरून काढलेल्या क्लायंट सीक्रेटची मुदत जास्तीत जास्त २४ महिन्यांची असते. दोन वर्षांत माणसं प्रोजेक्ट बदलतात, कंपनी बदलतात. सीक्रेट ज्याने काढलं त्याच्या मेलबॉक्सवर विसंबलात तर सेवा पडल्यावर एएडीएसटीएस-७०००२२२ हा ‘सीक्रेटची मुदत संपली’ असं सांगणारा एरर बघूनच ते सीक्रेट अस्तित्वात होतं हे कळेल. सूचना टीमच्या ऑन-कॉलकडेच (त्या वेळी ड्यूटीवर असलेल्याकडेच) जायला हवी. मेलवरचा भरवसा तसाही कमी करावा लागणार आहे. मोफत सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून मुदतीचे मेल पाठवणंच बंद केलं.

जिथे सीक्रेटच नको करता येतं तिथे नको करावं. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट आहेत, त्यांचा पासवर्ड डीफॉल्ट दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो आणि कोणा माणसाला तो माहीतही नसतो. क्लाउडमध्ये मॅनेज्ड आयडेंटिटी आणि वर्कलोड फेडरेशन, म्हणजे सीक्रेट न साठवता ओळख पटवण्याच्या सोयी, आहेत. फक्त ‘आता आमच्याकडे एक्स्पायर होणारं काही उरलं नाही’ असं समजू नका. फेडरेशनही कुठल्यातरी साइनिंग सर्टिफिकेटवर उभं असतं. एन्ट्रामध्ये एसएएमएल (एका लॉगिनवर अनेक सेवांत प्रवेश देण्याची पद्धत) साइनिंग सर्टिफिकेट डीफॉल्ट तीन वर्षांचं असतं, आणि तीन वर्षं हा विसरून जायला अगदी पुरेसा काळ आहे.

हे सगळं निकडीचं होण्याला कारण आहे. वेबसाइटच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती. सीए/ब्राउझर फोरमने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या गटाने) एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या वेळापत्रकानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस होते. वर्षातून एकदा हाताने होणारं काम वर्षातून आठ-नऊ वेळा करावं लागेल. ज्यांचं नूतनीकरण आपोआप होतं त्यांना याची झळ लागणार नाही, फक्त नवीन फाइल आल्यावर वेब सर्व्हर ती खरोखर रीलोड करतो का, एवढं तपासावं. प्रश्न उरलेल्यांचा आहे: जुने लोड बॅलन्सर, व्हीपीएनचे डबे, मेल गेटवे, जावाच्या कीस्टोअरमध्ये कधीकाळी कोणी हाताने घातलेली सर्टिफिकेटं, भागीदार कंपनीने आपल्या बाजूला पिन करून (फक्त तेवढंच चालेल असं ठरवून) ठेवलेली सर्टिफिकेटं. यांतल्या प्रत्येकासमोर सध्या प्रत्यक्ष लागलेल्या सर्टिफिकेटची तारीख आणि ते बदलू शकणाऱ्या टीमचं नाव लिहून काढायचं काम १०० दिवसांची मुदत लागू होण्याआधी उरकायला हवं. भागीदारांच्या पिनिंगपासून सुरुवात करा, कारण तिथे दुसऱ्या कंपनीच्या बदल-मंजुरीची वाट पाहावी लागते आणि तो वेळ आपल्या हातात नसतो.